प्रजनन संप्रेरके रक्तात किती काळ टिकतात?

संप्रेरकाचे रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास लागणाऱ्या वेळेला अर्धायुकाल म्हणतात. असे पाच अर्धायुकाल उलटले की मूळ प्रमाणाच्या सुमारे ३ टक्केच भाग उरतो.

गैरसमज : सर्व प्रजनन संप्रेरके सारख्याच वेगाने नाहीशी होतात.
वस्तुस्थिती : मेंदूतील हायपोथॅलॅमसमधून स्रवणारे जीएनआरएच हे अवघ्या १० अमिनो आम्लांचे असते. विकरे त्याचे तुकडे करतात आणि २ ते ४ मिनिटांत ते निम्मे होते. पीयूषिका ग्रंथीच्या एलएचला त्यासाठी २० मिनिटे ते तासभर लागतो, तर एफएसएचला काही तास. वारेत तयार होणारे एचसीजी मात्र निम्मे व्हायला २४ ते ३६ तास घेते. त्याच्या रेणूवरील शर्करा-साखळ्यांच्या टोकाला सायॅलिक आम्ल असते. ते काढून टाकल्यास यकृत हा रेणू झपाट्याने शोषून घेते.

गैरसमज : गर्भपातानंतर घरगुती चाचणी पॉझिटिव्ह आली, म्हणजे पुन्हा दिवस गेले.
वस्तुस्थिती : गर्भारपणाच्या ८ ते १० आठवड्यांच्या सुमारास एचसीजी लिटरमागे १,००,००० एककांच्या घरात असू शकते. अनेक चाचण्या २५ एककांनाही पॉझिटिव्ह ठरतात. तेथवर उतरण्यास सुमारे १२ अर्धायुकाल, म्हणजे १२ ते १८ दिवस लागतात. शेवटी घट मंदावत असल्याने काही वेळा त्याहून अधिक आठवडे जातात. म्हणून एका चाचणीपेक्षा रक्ततपासणीतील चढउतार महत्त्वाचा असतो. प्रमाण स्थिर राहिले किंवा वाढले, तर वारेचा अंश राहणे, द्राक्षगर्भ किंवा नवी गर्भधारणा यांचा शोध घ्यावा लागतो.

गैरसमज : संप्रेरक रक्तातून गेले की त्याचा परिणामही लगेच संपतो.
वस्तुस्थिती : नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन रक्तातून काही मिनिटांतच कमी होऊ लागते, पण ते पेशींतील जनुकांचे कार्य बदलते. त्यातून तयार झालेली प्रथिने त्यानंतरही काम करत राहतात.

गैरसमज : गर्भनिरोधक संप्रेरके शरीरात वर्षानुवर्षे साठून राहतात.
वस्तुस्थिती : नेहमीच्या मिश्र गोळ्यांतील संप्रेरके काही दिवसांत निघून जातात, त्यामुळे ‘शरीर साफ होण्यासाठी’ महिनोन्‌महिने थांबण्याची गरज नसते. दर तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन वेगळे आहे. स्नायूतील साठ्यातून औषध हळूहळू रक्तात उतरत असल्याने त्याचा अर्धायुकाल सुमारे ५० दिवसांचा भरतो. शेवटच्या इंजेक्शननंतर गर्भधारणेस सरासरी ७ ते १० महिने लागू शकतात. मात्र प्रजननक्षमता कायमची जात नाही.