कानपूरची लिबरेटर विमाने

रत्नागिरीपुढील अरबी समुद्रावर टेहळणी करणाऱ्या भारतीय वायुदलाच्या लिबरेटर विमानांचा पूर्वेतिहास लक्षणीय आहे. दुसऱ्या महायुद्धात उसनवारीच्या कराराने ब्रिटिशांना मिळालेली ही अमेरिकन बाँबफेकी विमाने युद्धानंतर कानपूर येथे मुद्दाम मोडतोड करून टाकून देण्यात आली. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या तंत्रज्ञांनी ती कशीबशी उड्डाणक्षम केली. वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती संपूर्ण दुरुस्तीसाठी बंगलोरला उडवीत नेली. १९४८ मध्ये त्यांचे पहिले पथक उभे राहिले. चार एंजिने व लांब, अरुंद पंख यांमुळे लाभलेला दीर्घ पल्ला पुढे सागरी टेहळणीस उपकारक ठरला. ही सेवा १९६८ पर्यंत चालली. यंत्र निकामी ठरविताना ते दुरुस्त करणारे हात व उडविणारा मनुष्य यांचाही हिशेब धरावा लागतो.