वारसा इमारती आणि विजेची बचत: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज: जुनी इमारत म्हणजे वीज खाणारी इमारत.
वस्तुस्थिती: मुंबईतील व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींच्या ज्या समूहाला युनेस्कोने 2018 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यातील बहुतेक वास्तू वातानुकूलनाचा सर्रास वापर सुरू होण्यापूर्वीच्या असल्याने उंच छत, समोरासमोरच्या खिडक्या, खोल व्हरांडे आणि रुंद छज्जे यांच्या साहाय्याने उष्मा कमी करण्याची सोय त्यांच्या रचनेतच आहे. अशा इमारतीत विजेचे बिल वाढते, ते बहुधा व्हरांडा काचेने बंदिस्त केल्यावर आणि छताजवळची हवेची झडप पीओपीच्या खोट्या छतामागे दडल्यावर.

गैरसमज: लाकडी खिडक्या बदलल्याशिवाय बचत होत नाही.
वस्तुस्थिती: त्यांच्या जागी बसवले जाणारे ॲल्युमिनियम लाकडापेक्षा कितीतरी जास्त उष्णता वाहून नेते, शिवाय दोन पल्ल्यांची सरकती खिडकी जेमतेम निम्मीच उघडते, याउलट बाहेरच्या बाजूची तिरप्या पट्ट्यांची लाकडी झडप ऊन काचेवर पडण्याआधीच अडवते आणि वारा मात्र आत येऊ देते. न्यूयॉर्कच्या 1931 मधील एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्येही 6,500 हून अधिक खिडक्यांच्या आधीच्या काचा फेकून न देता त्यांच्यामध्ये पातळ पडदा बसवून त्या पुन्हा वापरण्यात आल्या.

गैरसमज: सिमेंटचा गिलावा केला की जुनी भिंत सुरक्षित होते.
वस्तुस्थिती: चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्याने भिंतीत मुरलेले पावसाचे पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडू शकते, तर सिमेंटचा घट्ट थर ते आतच कोंडतो, परिणामी क्षार साठून पोपडे सुटतात आणि ओल्या भिंतीतून उष्णताही कोरड्या भिंतीपेक्षा अधिक वेगाने आत शिरते.

गैरसमज: वारसा नियम कोणताच बदल करू देत नाहीत.
वस्तुस्थिती: बृहन्मुंबईच्या 1995 च्या वारसा नियमावलीने इमारतींची तीन श्रेणींत विभागणी केली असून श्रेणीनुसार बदलांची मुभा कमी-अधिक होते. मूळ बांधकामाला धक्का न लावता पुढे काढूनही टाकता येतील अशा सुधारणांना संवर्धनशास्त्रात प्राधान्य दिले जाते: 60 वॉटच्या बल्बऐवजी सुमारे 9 वॉटचा एलईडी किंवा सुमारे 75 वॉटच्या पंख्याऐवजी 30 वॉटच्या आसपासचा बीएलडीसी, म्हणजे ब्रशविरहित मोटरचा, पंखा लावल्याने वास्तूचे रूप बदलत नाही.

म्हणून वारसा इमारतीत आधी बुजवलेले वायुमार्ग मोकळे करावेत, मग चुन्याची आणि लाकडाची दुरुस्ती करावी, आणि नवी यंत्रे घेण्याचा विचार त्यानंतरच करावा.