जुन्या लॅपटॉपला नवा प्रोसेसर? आधी शेवटचं अक्षर वाचा

आनेकलच्या आमच्या घरात दोन म्हातारे लॅपटॉप आहेत. पहिला बाबांचा, २०१३ साली घेतलेला. बोम्मसंद्रातल्या दोन छोट्या वर्कशॉपचे हिशेब ते त्यावर टॅलीत लिहितात. दुसरा मामाने दिलेला, २०१६चा. तो माझ्या धाकट्या बहिणीच्या वाट्याला आला, कारण ती यंदा बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे. दोन्ही इतके संथ, की बाबा सकाळी बटण दाबून सरळ अंघोळीला जातात.

कॉलेजची फी नुकतीच भरली होती, त्यामुळे नवीन लॅपटॉपचा विषय काढायची सोय नव्हती. ओळखीच्या एका दुरुस्तीवाल्याने उपाय सांगितला, “दोन्हीचे प्रोसेसर बदलून देतो. एकेकाचे नऊ हजार.” अठरा हजारांत दोन लॅपटॉप नव्यासारखे होणार म्हणून बाबा खूश. आगाऊ रक्कम द्यायला निघालेल्या बाबांना मी दोन दिवस थांबवलं. मी बी. ए. इंग्रजी झालेली, कॉम्प्युटरमधली तज्ज्ञ वगैरे मुळीच नाही. पण लेख लिहिण्यासाठी माहिती शोधायची सवय आहे, तीच कामाला आली.

पहिली गोष्ट कळली ती ही, की सगळ्याच लॅपटॉपचा प्रोसेसर बदलता येत नाही. बल्ब जसा होल्डरमधून काढून दुसरा लावता येतो, तसा काही लॅपटॉपांत प्रोसेसर सॉकेटमध्ये बसवलेला असतो. बाकीच्यांत तो मदरबोर्डवर कायमचा सोल्डर केलेला असतो. इंटेलच्या लॅपटॉप प्रोसेसरांत सॉकेटची सोय चौथ्या पिढीपर्यंत, म्हणजे साधारण २०१३-१४ पर्यंत होती. पाचव्या पिढीपासून ती संपली. लॅपटॉप पातळ हवेत, हलके हवेत, असं आपणच म्हणत होतो. सॉकेटची जाडी त्यात गेली. एएमडीच्या त्याच काळातल्या काही लॅपटॉपांतही सॉकेट मिळतो.

मग आपला कोणता, हे कसं ओळखायचं? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या परफॉर्मन्स विभागात प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसतं. बाबांच्या लॅपटॉपचं नाव निघालं आय३-३११०एम, बहिणीच्या लॅपटॉपचं आय५-६२००यू. शेवटचं अक्षर महत्त्वाचं. ‘यू’ असेल तर तो सोल्डर केलेलाच, विषय संपला. ‘एम’ असेल तर आशा आहे, पण खात्री नाही, कारण तिसऱ्या पिढीतले काही ‘एम’ प्रोसेसर दोन्ही प्रकारांत येत. चौथ्या पिढीत तर अक्षरांच्या क्रमाचीच गंमत आहे : ‘एमक्यू’ सॉकेटवाला आणि ‘एचक्यू’ सोल्डरवाला. खात्रीसाठी सीपीयू-झेड नावाचं फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर घ्या. त्यात पॅकेज नावाच्या ओळीत पीजीए लिहिलेलं असेल तर सॉकेट, बीजीए असेल तर सोल्डर. बाबांच्या लॅपटॉपवर पीजीए आलं, बहिणीच्या लॅपटॉपवर बीजीए.

म्हणजे बहिणीच्या लॅपटॉपसाठी सांगितलेले नऊ हजार नक्की कशाचे होते? दुरुस्तीवाल्याला फोन करून विचारलं, तर तो म्हणाला, “मदरबोर्डच बदलावा लागेल मग.” तेही वापरलेला मदरबोर्ड, महिनाभराच्या वॉरंटीवर. आम्ही नम्रपणे नको म्हटलं.

बाबांच्या लॅपटॉपला मात्र खरंच संधी होती. इथे मोह आवरणं महत्त्वाचं. त्याच सॉकेटमध्ये बसणारे ४५ वॉटचे चार कोअरचे प्रोसेसर मिळतात, पण बाबांचा मूळ प्रोसेसर ३५ वॉटचा. पंखा, तांब्याची नळी आणि चार्जर हे सगळं त्याच हिशेबाने दिलेलं. जास्त वॉटचा बसवला तर तो तापतो आणि तापला की स्वतःच वेग कमी करतो. मग पैसे कशाला घालवायचे? आम्ही निवडला आय७-३६३२क्यूएम. हाही ३५ वॉटचाच, पण कोअर दोनऐवजी चार. हासुद्धा दोन्ही प्रकारांत येतो, म्हणून पीजीएच बघून घ्यायचा. लॅपटॉपचा बायोस त्याला ओळखेल का, हेही आधी तपासावं लागतं. त्याच मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी असते. कंपनीच्या साइटवर नवा बायोस असेल तर तो जुना प्रोसेसर असतानाच टाकायचा. बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला हवा, कारण मध्येच वीज गेली तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो.

धनत्रयोदशीला, १८ ऑक्टोबरला, आम्ही खरेदीला निघालो. लोक सोनं घेतात, आम्ही वापरलेला प्रोसेसर. आई दारात उभी राहून हसत होती. आनेकलहून बसने बोम्मसंद्रा, तिथून ऑगस्टमध्ये सुरू झालेली पिवळी मेट्रो, आर. व्ही. रोडला हिरवी लाइन आणि मग के. आर. मार्केट. तिथून एस. पी. रोड चालत जाता येतो. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड जसा, तसा बंगळूरुकरांना हा. एका गाळ्यातल्या काकांनी माझ्या हातात भिंग दिलं. म्हणाले, “अक्का, आधी पिना बघा.” या प्रोसेसरच्या खालच्या बाजूला केसासारख्या जवळजवळ हजार पिना असतात. एक जरी वाकलेली असली तरी तो घ्यायचा नाही.

बसवायचं काम मी आणि बहिणीने रविवारी दुपारी केलं. चार्जर आणि बॅटरी काढली, बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज घालवली. पंखा उचलला, जुनी वाळलेली थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. सॉकेटच्या कडेला एक छोटा स्क्रू असतो, तो अर्धा वळण फिरवला की प्रोसेसर मोकळा होतो. नव्याच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवायचा आणि नुसता सोडायचा. दाबायचा अजिबात नाही, तो आपल्या वजनाने बसतो. मग स्क्रू परत फिरवून अडकवायचा, तांदळाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावायची आणि हीटसिंकचे स्क्रू त्यांच्या शेजारी छापलेल्या आकड्यांच्या क्रमाने आवळायचे.

बटण दाबलं. पडदा काळा. पंखा फिरला, थांबला, पुन्हा फिरला. बाबा स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. त्यात वर्कशॉपचा सगळा हिशेब होता, आणि बॅकअप घेतला आहे हे मी त्यांना सांगायला विसरले होते. (तुम्ही घ्या आणि घरात सांगाही.) अर्ध्या मिनिटाने कंपनीचं चिन्ह उमटलं.

आणि सुरू व्हायला वेळ किती लागला? जवळजवळ पूर्वीइतकाच.

माझं तोंड उतरलं. बहिणीने टास्क मॅनेजर उघडला आणि म्हणाली, “ताई, हे बघ.” प्रोसेसर वीस टक्क्यांच्या आत होता आणि डिस्क शंभर टक्क्यांवर अडकलेली. म्हणजे हिसाब लिहिणारा मुनीम हुशार झाला, पण वही आणून देणारा माणूस तोच म्हातारा राहिला. जुनी फिरती हार्ड डिस्क हाच खरा अडथळा होता. हा आकडा मी पैसे खर्च करण्याआधी बघायला हवा होता. टास्क मॅनेजर पहिल्याच दिवशी उघडला होता, पण प्रोसेसरचं नाव वाचून बंद केला.

पुढच्या शनिवारी पुन्हा एस. पी. रोड. दोन्ही लॅपटॉपांना साध्या साटा एसएसडी आणि बहिणीच्या लॅपटॉपला रॅम वाढवून ८ जीबी. हे काम प्रोसेसरपेक्षा कितीतरी सोपं, आणि फरक मात्र असा, की बाबांची आता अंघोळ उरकत नाही तोवर टॅली उघडून तयार असते. बहिणीचा प्रोसेसर तोच सोल्डर केलेला, तरी प्रोग्रॅमिंगच्या प्रॅक्टिकलला तो पुरतो. एकूण खर्च अठरा हजारांच्या निम्म्याहूनही कमी झाला.

मग आय७ वाया गेला का? तसं म्हणणार नाही. महिनाअखेरीस बाबा टॅली, जीएसटीचं एक्सेल आणि वर्कशॉपवाल्यांचा व्हिडिओ कॉल एकाच वेळी चालवतात, तेव्हा पूर्वी आवाज तुटायचा, आता तुटत नाही. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यालाही फरक जाणवेल. पण क्रम विचाराल तर आधी एसएसडी, मग रॅम, आणि तरीही अडलंच तर प्रोसेसर.

एक गोष्ट मात्र कुठल्याच पार्टने सुटत नाही. विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. तिसऱ्या पिढीतला आय७ असला तरी तो त्या यादीत नाही. बहिणीने लिनक्स मिंट टाकलं, तिचं कॉलेजचं काम त्यावर होतं आणि मराठी टायपिंगही. बाबांची टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही, म्हणून मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना दिलेली वर्षभराची सुरक्षा अपडेटची मुदतवाढ आम्ही घेतली. ती १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे. बाबांच्या जुन्या हार्ड डिस्कला यूएसबीचं कव्हर घातलं आहे. दर शनिवारी ते तिच्यावर टॅलीचा बॅकअप घेतात आणि घेतल्यावर मला मोठ्याने सांगतात.