विश्लेषण : मूल सरकारच्या ताब्यात गेल्यावर पालकांच्या मदतीला दुसरे पालक! काय आहे अमेरिकेतील ‘पेरेंट पार्टनर्स’?

परदेशात सरकार आई-वडिलांकडून मूल काढून घेऊ शकते, हे २०२३ मध्ये आलेल्या ‘मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे’ या चित्रपटात भारतीय प्रेक्षकांनी पाहिले. अमेरिकेतही बालकल्याण यंत्रणेला असे अधिकार आहेत. मूल परत मिळवण्याच्या लढाईत तिथे काही पालकांना एक वेगळा आधार मिळतो. तो म्हणजे याच अनुभवातून गेलेला दुसरा पालक.

वेळ इतकी महत्त्वाची का?

छळ किंवा दुर्लक्षाच्या तक्रारीनंतर मुलाला धोका असल्याचे आढळल्यास त्याला नातेवाईक किंवा दुसऱ्या कुटुंबाकडे ठेवले जाते. यालाच ‘फॉस्टर केअर’ म्हणतात. १९९७ च्या कायद्यानुसार, शेवटच्या २२ महिन्यांपैकी १५ महिने मूल तिथे राहिले, तर पालकांचे हक्क कायमचे संपवण्यासाठी राज्याला न्यायालयात जावे लागते. याला काही अपवाद आहेत. मात्र या मुदतीतच पालकांना व्यसनमुक्ती, घर, नोकरी आणि न्यायालयाच्या तारखा हे सगळे सांभाळावे लागते.

पेरेंट पार्टनर नेमके काय करतो?

आयोवा राज्यात ‘पेरेंट पार्टनर्स’ हा उपक्रम चालतो. ज्यांचे मूल एकेकाळी काढून घेतले गेले होते आणि ज्यांनी नंतर आपले आयुष्य सावरले, अशा पालकांना प्रशिक्षण देऊन नव्या पालकांच्या सोबतीला दिले जाते. ते बैठकांना बरोबर येतात, यंत्रणेची भाषा समजावतात आणि संताप आवरून पुढचे पाऊल टाकायला मदत करतात. अधिकाऱ्यासमोर बोलायला घाबरणारी आई त्यांच्याशी मोकळेपणाने बोलू शकते. पेरेंट पार्टनर हा वकील नसतो आणि निकालही त्याच्या हातात नसतो.

ही कल्पना नवी आहे का?

नाही. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या ‘पेरेंट्स अनॉनिमस’ने पालकांचे परस्पर-मदत गट उभे केले होते.

फायदा किती?

आयोवातील अभ्यासात, उपक्रमातील पालकांची मुले घरी परतण्याचे प्रमाण तशाच परिस्थितीतील इतर पालकांच्या तुलनेत जास्त आढळले. घरी परतल्यावर १२ महिन्यांत मूल पुन्हा काढून घेतले जाण्याचे प्रमाणही कमी होते. २४ महिन्यांचा हिशेब केला तेव्हा मात्र ठळक फरक दिसला नाही. म्हणजे मूल घरी आल्यानंतरही सोबतीची गरज संपत नाही.

भारतात काय?

आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार अशी प्रकरणे बालकल्याण समितीकडे जातात. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. मूल शक्यतो कुटुंबातच वाढावे, हे या कायद्याचेही तत्त्व आहे. मूल स्वतःहून समितीकडे सोपवणाऱ्या पालकांचे समुपदेशन होते आणि त्यांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. त्या दोन महिन्यांत, याच वाटेने गेलेला एखादा पालक शेजारी बसला तर निर्णय घेणे सोपे होईल का, हा प्रश्न आपल्याकडेही विचारण्यासारखा आहे.