पिटकेर्न बेटाची वाट

दक्षिण प्रशांत महासागरातील पिटकेर्न हे ब्रिटिश बेट जेमतेम ५ चौरस किलोमीटरचे. वस्ती ५० माणसांच्या आसपास. तेथे विमानतळ नाही आणि मोठे जहाज धक्क्याला लागेल असे बंदरही नाही. मग पोहोचावे कसे?

प्रथम ताहितीतील पापीते गाठावे. तेथून विमान सुमारे १६०० किलोमीटर दूरच्या मांगारेव्हाला नेते. धावपट्टी वेगळ्या बेटावर असल्याने रिकितेआ गावी होडीनेच जावे लागते. हा टप्पा आम्हा कॅथॉलिकांना विशेष जवळचा वाटतो. १८३४ साली फ्रेंच मिशनरी येथे उतरले आणि पुढे प्रवाळदगडांचे संत मायकल कॅथेड्रल उभे राहिले. त्याची वेदी शिंपल्यांनी सजविलेली आहे.

पुढचे सुमारे ५४० किलोमीटर जहाजाने, साधारण दीड दिवसाचे. जहाज किनाऱ्यापासून दूर थांबते. बेटवासी आपल्या लांब होड्या घेऊन येतात व लाटेचा अंदाज घेत प्रवाशांना उतरवून घेतात. समुद्र खवळला, तर थांबण्यावाचून गत्यंतर नसते.

बेटावर दवाखाना आहे. परंतु शस्त्रक्रियेची गरज असलेल्या रुग्णाला हीच वाट उलट कापावी लागते. प्रवाशाचे साहस ते बेटवासीयांची जीवनरेषा, हे आम्ही विसरू नये.