ब्रेकअप झालाय? मग आधी मेंदूला विचारा!

‘चार दिवसांत विसरशील गं!’ असं म्हणणारी मावशी प्रत्येक घरात असते. तिला हे जरूर वाचून दाखवा.

२०११ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ब्रेकअपमधून गेलेल्या ४० जणांना ब्रेन स्कॅनरमध्ये झोपवलं. एकदा एक्सचा फोटो दाखवला, एकदा हाताला सोसेल इतकी गरम धग दिली. आणि काय? शरीराची वेदना टिपणारे मेंदूतले काही भाग दोन्ही वेळा जागे झाले! जिवाला चटका लागतो तो हा असा.

रात्री दोन वाजता एक्सचं प्रोफाइल उघडायला बोटं का शिवशिवतात, माहीत आहे का? संशोधक हेलन फिशर यांच्या टीमने २०१० मध्ये १५ प्रेमभंग झालेल्यांचे मेंदू तपासले. कोकेनची तलफ येते तेव्हा चाळवणारे भाग इथेही चाळवलेले! तेव्हा मैत्रिणीला टोमणे मारू नका, तलफ ओसरेपर्यंत सोबत बसा. आणि ती ओसरते, बरं का! ब्रेकअपला जितके जास्त दिवस उलटले होते, तितकी ओढीशी जोडलेल्या एका भागातली हालचाल कमी दिसली.

आता खरोखरच्या हृदयाकडे. ‘ताकोत्सुबो’ ऐकलंय? जपानी कोळी ऑक्टोपस पकडायला अरुंद गळ्याचं, फुगीर पोटाचं मडकं वापरतात, त्याचं हे नाव. मोठ्या धक्क्यानंतर स्ट्रेस हार्मोन्सचा लोंढा येतो आणि हृदयाचा डावा कप्पा थेट त्या मडक्यासारखा फुगू शकतो. १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी याची पहिली नोंद केली. छातीत कळ, धाप, बिघडलेला ईसीजी, सगळं हार्ट अटॅकसारखं. पण अटॅक यावा असं ब्लॉकेज सापडत नाही! दहातले जवळपास नऊ पेशंट बायका, त्याही बहुतेक पाळी गेलेल्या. बरेचसे काही आठवड्यांत बरे होतात, पण जिवावरही बेतू शकतं. म्हणून आईच्या छातीत दुखलं तर ‘टेन्शन असेल’ म्हणत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा.

ट्विस्ट हवाय? अति आनंदानेही हे होतं! मुलाचं लग्न, आजी होणं, एवढंच काय, लाडक्या रग्बी टीमचा विजयसुद्धा पुरला.

बरं, ब्रेकअपवर उपाय? अमेरिकेतल्या कोलोरॅडोत संशोधकांनी ब्रेकअपवाल्यांना साध्या मिठाच्या पाण्याचा नेझल स्प्रे दिला. ज्यांना ‘हे दुःखावरचं जालीम औषध आहे’ असं सांगितलं, त्यांना खरंच बरं वाटलं. मेंदूतही फरक दिसला!

एक्सचे दोष आठवावेत का? २०१८ च्या एका प्रयोगात त्याने प्रेम ओसरलं, पण मूड पार गेला. दुसरंच काहीतरी छान आठवल्यावर मूड सुधारला, प्रेम मात्र जागच्या जागी. माझं मत विचाराल तर आधी मित्रांबरोबर झणझणीत मिसळ, दोषांची यादी नंतर सावकाश!

आणि एक्सच्या वस्तूंचं काय करायचं? क्रोएशियातल्या झाग्रेबमध्ये २०१० पासून चक्क ‘तुटलेल्या नात्यांचं म्युझियम’ आहे. तिथली स्टार वस्तू म्हणजे बर्लिनहून आलेली एक कुऱ्हाड. जोडीदार दुसरीबरोबर सुट्टीवर गेली आणि मागे राहिलेल्या बाईने तिच्या फर्निचरचे रोज थोडे थोडे तुकडे केले! म्युझियम अजूनही जगभरातून वस्तू घेतं. सोबत त्या वस्तूची गोष्ट लिहून द्यायची, आपलं नाव गुप्त राहतं. कपाटात तो टेडी पडून आहे ना?