नानांच्या मॉरिसमधली ऊब

ग्वाल्हेरची थंडी ज्यांनी भोगली आहे त्यांना तिचे वर्णन ऐकवायला नको. पुण्या-मुंबईचे पाहुणे पौषात लष्करात उतरले की पहिल्या दिवशी जास्तीची रजई मागतात आणि दुसऱ्या दिवशी परतीचे तिकीट! अशा गावात मोटारीला हीटर असणे ही चैन नव्हे. पण तो आपल्या मनाप्रमाणे ऊब देईल तर ती मात्र चैनच, हे मला 2024 च्या डिसेंबरात उमगले.

त्या वर्षी तानसेन समारोहाचे शंभरावे वर्ष होते. चौऱ्यांशी वर्षांच्या आमच्या आईने एकच हट्ट धरला, "एक रात्र तरी हजिऱ्याला नेऊन आण, पण आपल्या मॉरिसमधून." आईला दमा. डॉक्टरांनी बजावले होते की छातीला गार वारा लागता कामा नये. थोरले बंधू म्हणाले, "माझ्या नव्या गाडीतून ने." आई शांतपणे म्हणाली, "मग राहू दे. मी घरीच बरी."

ही मॉरिस मायनर 1958 सालची, 948 सीसी इंजिनाची. नाना गेले 1991 साली. तेव्हापासून ती दसऱ्याला हारापुरती बाहेर निघे. डॅशखाली तिचा गोल हीटर आहे. त्याची रचना अगदी साधी. इंजिनाच्या माथ्यावर, मागच्या बाजूला, पितळी नळ असतो. तो उघडला की इंजिन थंड राखणाऱ्या पाण्यातले थोडे गरम पाणी हीटरच्या बारीक जाळीत खेळते, आणि विजेचा छोटा पंखा मोटारीतलीच हवा त्या जाळीतून फिरवतो. आत बसून ऊब कमीजास्त करण्याची कळ नाही. नळ फिरवायचा तर बॉनेट उघडावे लागते.

आठ दिवस आधी मी परीक्षा घेतली. नळ पुरा उघडला, वीस मिनिटे हिंडलो. वारा आला तो कोमटच. इंजिनाच्या मागच्या भागात गाळ साठून नळाचे भोक बुजते, म्हणून नळ काढून तारेने साफ केला. तरी कोमटच! मग एक गोष्ट ध्यानात आली. इंजिन सुरू होताच रेडिएटरची वरची नळीही हळूहळू कोमट होत होती. वास्तविक पाणी पुरेसे तापेपर्यंत ती गारच राहायला हवी. कारण मध्ये थर्मोस्टॅट नावाची झडप असते, ती तोवर पाण्याला रेडिएटरकडे जाऊच देत नाही. झाकण उघडले तर झडपेची जागा रिकामी! आमचे म्हातारे मिस्त्री हसले. "साब, गरम मुल्क है, सब निकलवा देते थे." उन्हाळ्यात इंजिन तापू नये म्हणून कोणीतरी ती काढून टाकली होती, आणि म्हणूनच थंडीत पाणी कधी नीट तापतच नव्हते.

82 अंशांची नवी झडप बसवली. पाणी भरताना हीटरचा नळ मुद्दाम उघडा ठेवला, नाहीतर आत हवा कोंडते आणि पाणी पुढे सरकत नाही. आता वारा असा आला की पायांना चटका बसावा! नळ अर्धा केला, फरक नाही. पाऊण मिटला, थोडासाच. आणखी किंचित फिरवला, तो एकदम गारठा. यात नळाचा दोष नव्हता. जाळीला थोडे पाणी मिळाले तरी ती बहुतेक ऊब देऊन टाकते; पुढे कितीही पाणी सोडा, भर फारशी पडत नाही. शिवाय इंजिन जोरात फिरले की पंपही जोर धरतो आणि ऊब वाढते. चौकात थांबले की उतरते.

मी हताश होऊन आईला हे सांगितले. तिने तरुणपणी तानपुरा छेडलेला. ती म्हणाली, "अरे, खुंटीने स्वर जवळ आणायचा, नेमका लावायचा तो मण्याने. नाना नळ एकदाच फिरवायचे. मग माझ्या बाजूची तिकोनी काच बोटभर उघडायचे आणि पंखा मधूनमधून बंद करायचे."

तसेच करून पाहिले आणि जमले! बोटभर उघड्या काचेचा दुसराही लाभ असा, की श्वासाच्या वाफेने पुढची काच धुरकटत नाही आणि बंद गाडीत कोंदट होत नाही.

समारोहाच्या रात्री जाताना सारे सुरळीत पार पडले. घोर होता तो परतीचा. तीन तासांत इंजिन गार पडणार, आणि हजिऱ्याहून लष्कर ते किती लांब! घर येईतो पाणी जेमतेम तापणार. म्हणून शेवटचा ख्याल रंगात असतानाच मी हळूच उठलो. मोकळ्या मैदानात इंजिन सुरू केले. बंद गॅरेजमध्ये असे कधी करू नये. त्या धुरातला विषारी वायू वासावरून कळतही नाही. रेडिएटरपुढे थोडा वेळ गोणपाट धरले. पंधरा मिनिटांनी भाचीच्या खांद्यावर हात ठेवून आई आली, तेव्हा गाडीत छान ऊब होती.

पडावाचा पूल येईपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "नाना दर वर्षी शेवटचं गाणं टाकून उठायचे. घरी येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलत नसे. वाटायचं, या माणसाला गाण्याची गोडीच नाही."

मी काच थोडी लावून घेतली. आईला त्या रात्री खोकला आला नाही.